आदर्श गल्लीची पाहणी

आमच्या गल्लीला 'आदर्श गल्ली' हा किताब मिळाला, त्याला मी जबाबदार आहे. हे मी मिरवायला सांगत नाही, कबुलीजबाब म्हणून सांगतेय. स्पर्धेचा फॉर्म माझ्या हातचा. एकतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढल्यामुळे माझं अक्षर सरळ आहे, आणि सरळ अक्षराच्या बाईला कुठलीही समिती न विचारताच सेक्रेटरी करून टाकते. अध्यक्ष व्हायला मात्र अक्षर लागत नाही. आमचे अध्यक्ष दंतवैद्य आहेत.

दंतवैद्य माणूस वाईट नाही. सकाळी सातपासून दुसऱ्यांच्या तोंडात वाकून बघायचं म्हणजे संध्याकाळी स्वतःला बोलावंसं वाटणारच. 'नागरिकांचा सहभाग' हे दोन शब्द त्यांनी कुठेतरी ऐकले आणि तेव्हापासून ते त्यांच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला येऊ लागले. त्यांच्या लेखी सहभाग म्हणजे फोटो. ज्या कामाचा फोटो निघत नाही ते काम झालंच नाही, असं त्यांचं सरळ गणित.

आमच्या समोरच्या घरात जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना अख्खी गल्ली पाठीमागे पत्रमहर्षी म्हणते. त्यांचा सहभाग म्हणजे वर्तमानपत्राला पत्र. एकदा गटाराचं झाकण फुटलं तर त्यांनी चार महिन्यांत अकरा पत्रं लिहिली, त्यातली तीन छापून आली, आणि कात्रणं त्यांनी वहीत चिकटवली. त्या चार महिन्यांत त्या भोकात कोणी पडलं नाही, कारण झाडूवाल्या मावशींनी पहिल्याच दिवशी त्यात एक वाळकी फांदी उभी खोचून तिला लाल चिंधी बांधली होती. या फांदीचा उल्लेख अकरांपैकी एकाही पत्रात नाही.

माझ्या घरातही काही कमी नाही. आमचे हे कोर्टात लघुलेखक होते. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतल्यामुळे त्यांना आता कोणाचंच ऐकायचं नसतं. "मत दिलं की नागरिकाचं काम संपलं," असं ते म्हणतात. "नंतर पाच वर्षं त्याने गप्प बसायचं असतं. मी बसतो." सूनबाईचं याच्या उलट. ती दिवसाला दोन-तीन सह्या करते. कागदावर नव्हे, फोनवर. कुठल्या तरी बर्फाळ मुलुखातल्या अस्वलांपासून ते कुठल्या तरी तळ्यापर्यंत सगळ्यांसाठी तिने सही केलेली आहे. मनाने फार चांगली पोर आहे, फक्त खाली गल्लीत उतरायचा तिला कंटाळा.

आणि मावशी. त्यांना सहभागाबद्दल कधी कोणी विचारलं नाही. त्या महापालिकेच्या झाडूवाल्या. जवळजवळ एकोणीस वर्षं आमची गल्ली त्यांच्याकडे होती, आणि त्या तिला 'माझी गल्ली' म्हणत, आम्ही भाडेकरू असल्यासारखं. कोणाच्या दारात दुधाची पिशवी नऊ वाजेपर्यंत तशीच दिसली की त्या कडी वाजवत. गेल्या वर्षी टोकाच्या घरातल्या एकट्या म्हातारीला मोरीत पडलेली असताना त्यांनीच शोधलं. आम्ही सगळे शेजारी तेव्हा घरातच होतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचं श्रमदान असे. त्याची रीत सांगते. आम्हा लोकांचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून मावशी शनिवारीच गल्ली लख्ख करून ठेवत. मग रविवारी झाडायला काय उरणार? म्हणून दंतवैद्यांनी एका पोत्यात वाळकी पानं भरून आपल्या जिन्याखाली ठेवली होती. स्वच्छ, कोरडी पानं, वास नसलेली. रविवारी मावशी ती अंथरत, आम्ही सगळे टोप्या घालून आणि झाडू धरून उभे राहत असू, फोटो निघे, आणि मावशी पानं गोळा करून पुन्हा पोत्यात भरत. वर्षभर तीच पानं. शेवटी शेवटी त्यांचा पार चुरा झाला तेव्हा अध्यक्षांनी मावशींना शेजारच्या गल्लीतून नवी आणायला सांगितली. मी तेव्हा हसले होते. हसण्यापलीकडे काही केलं नाही.

मग स्पर्धा आली. फॉर्ममध्ये सव्वीस प्रश्न होते आणि सतरावा असा होता: 'स्वच्छतेच्या कामी पगारी कर्मचाऱ्याची मदत होते काय?'

मी लिहायला घेतलं, "होय, एक."

"थांबा थांबा," अध्यक्ष म्हणाले. "होय म्हटलं की दहा गुण जातात. आपण श्रमदान करतोच की नाही?"

"करतो," पत्रमहर्षी म्हणाले.

"मग नाही लिहा."

मी मान वर करून बघितलं. कोणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. चहा आलेला होता, बिस्किटं आलेली होती, सगळ्यांना घरी जायचं होतं. मी 'नाही' लिहिलं. सरळ, सुवाच्य अक्षरात, आणि खाली सेक्रेटरी म्हणून सही केली.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. दोन महिन्यांनी पितळी पाटी आली. ती दंतवैद्यांच्या दवाखान्याच्या भिंतीवर लागली, कारण गल्लीच्या तोंडाशी तीच भिंत आहे, असं तेच म्हणाले. पाटीपाठोपाठ आठवड्याभरात महापालिकेचं पत्र आलं, पण ते आम्हाला नाही, मावशींना. त्या ते हातात घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"ताई, वाचून सांगा. मला वाचता येतं, पण हे मला खरं वाटेना."

पत्र सहा ओळींचं होतं. सदर गल्लीतील रहिवाशांनी स्वच्छतेची संपूर्ण जबाबदारी स्वतः स्वीकारल्यामुळे तेथील सफाई कामगाराचं पद अतिरिक्त ठरलं आहे, सबब पुढील महिन्याच्या एक तारखेपासून आपली नेमणूक शहराबाहेरील कचरा डेपोवर करण्यात येत आहे.

"डेपोवर मला नाही जमायचं," मावशी म्हणाल्या. "डॉक्टरनी सांगितलंय, धुळीत गेलीस तर दमा उसळेल. इथली धूळ वेगळी, मी पाणी मारून झाडते. तिथं डोंगर आहे कचऱ्याचा, धूर असतो बारा महिने. आणि सोडून द्यावं म्हटलं तर ताई, वीस वर्षं पुरी झाल्याशिवाय पेन्शन नाही. माझे चौदा महिने राहिलेत."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, मी पाणी-बिणी दिलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही असं का लिहिलंत?" आणि मला सतराव्या प्रश्नाचे दहा गुण काही त्यांना समजावून सांगता येईनात.

दुसऱ्याच दिवशी मी वॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी फाइल काढली, माझा फॉर्म काढला आणि माझं अक्षर माझ्यासमोर ठेवलं. "बाई, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"मी लिहिलंय, पण ते तितकंसं खरं नाही."

"तितकंसं म्हणजे किती?"

पोस्टात असताना असल्या माणसांना मी सुतासारखं सरळ करत असे, पण तेव्हा मी काउंटरच्या पलीकडे होते आणि चूक कधी माझी नव्हती. साहेबांना बहुधा दया आली. ते म्हणाले, "दोन रस्ते आहेत. एक, फॉर्ममधली माहिती चुकीची होती असं लिहून द्या. पद तसंच राहील, पाटी तेवढी परत करावी लागेल. दुसरा, पुन्हा पाहणी मागा. आमचे निरीक्षक येऊन बघतील. गल्ली अस्वच्छ आढळली तर रहिवाशांना झेपत नाही असा शेरा देतील, आणि पद कायम होईल."

मी तातडीने समितीची बैठक बोलावली. पहिला रस्ता मी मांडला, निदान मांडला असं मला आठवतं. दंतवैद्यांचा चेहरा पडला. "म्हणजे आपण खोटं लिहिलं असं आपणच सांगायचं? गल्लीच्या अब्रूचं काय?"

"आणि पाटी भिंतीत सिमेंटने बसवलीय," कोणीतरी म्हणालं.

दुसऱ्या रस्त्यावर मात्र झटक्यात एकमत झालं. खरं सांगण्यापेक्षा घाण करणं सगळ्यांनाच सोपं वाटलं. ठरलं असं की मावशींनी आठ दिवस रजा टाकायची, गल्लीत कोणीही झाडूला हात लावायचा नाही, आणि शनिवारी सकाळी नऊ वाजता निरीक्षकांना गल्ली जशी असेल तशी दाखवायची. पत्रमहर्षी म्हणाले, मी आजच 'आमच्या गल्लीतील घाणीचे साम्राज्य' असं पत्र टाकतो. सूनबाईने फोनवर 'मावशींना वाचवा' अशी मोहीम काढली. तीन दिवसांत तिला चारशे चाळीस सह्या मिळाल्या, त्यातल्या आमच्या गल्लीतल्या नऊ. आमचे हे म्हणाले, "मी मत दिलंय," आणि कूस बदलली.

पण खरं सांगते, त्या आठवड्यात मला आमच्या गल्लीचं कौतुक वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच आम्ही सगळ्यांनी मिळून काहीतरी न करण्याचं ठरवलं आणि ते मनापासून पार पाडलं. सोमवारी पानं पडली. मंगळवारी त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. बुधवारी कुत्र्यांनी कोणाची तरी कचऱ्याची बादली उलटी केली आणि अंड्यांची टरफलं आणि चहाचा चोथा पार माझ्या दारापर्यंत आला. गुरुवारी वास सुटला. लोक नाकाला रुमाल लावून एकमेकांना हसून दाखवत होते. मोठ्या कामात आपण आहोत अशी भावना होती सगळ्यांची.

मावशी रोज सकाळी कोपऱ्यावर येऊन उभ्या राहत. मी म्हटलं, "रजा आहे ना, घरी पडा की." त्या म्हणाल्या, "हाताला चैन पडत नाही, ताई. ते टरफल बघा, तीन दिवस झाले तिथंच आहे." मी त्यांना शपथ घातली की काहीही झालं तरी वाकायचं नाही. त्यांनी ती पाळली. उभ्या राहायच्या, बघायच्या आणि परत जायच्या.

शुक्रवारी संध्याकाळी मी गल्लीत एक फेरी मारली. इतकी घाण मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मी समाधानाने झोपले.

शनिवारी पावणेनऊला खाली उतरले आणि बघते तर गल्ली चकाचक.

या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पान नाही. टरफल नाही, चोथा नाही, पिशवी नाही. काही ठिकाणी तर पाणी शिंपडलेलं. मला आधी वाटलं, मावशींनीच शपथ मोडली. पण मावशी कोपऱ्यावर उभ्या होत्या, हात रिकामे, आणि त्यांचा चेहरा बघितल्यावर मला पुढे विचारायची गरज राहिली नाही.

माझं डोकंच फिरलं. मी थेट दंतवैद्यांची बेल दाबली.

"अहो, माझ्याकडे सातपासून पेशंट येतात," ते म्हणाले. "दवाखान्याच्या पायरीवर घाण? दात दाखवायला येणार का कोणी? मी आपलं माझ्या भिंतीपुरतं करून घेतलं. बाकी गल्ली होती की घाण!"

पत्रमहर्षींनी दार किलकिलं केलं. "निरीक्षक घराचे नंबर लिहून घेतात असं ऐकलं. आमच्या नंबरापुढे 'अस्वच्छ' असा शेरा नको, एवढ्यासाठी फक्त दारासमोरचं. पलीकडचं मी शिवलो नाही, आईशप्पथ."

तिसऱ्या घरातल्या गृहस्थांची बढतीची मुलाखत होती आणि त्यांना घाण ओलांडून जायचं नव्हतं. चौथ्या घरी मुलीला बघायला लोक यायचे होते. मग मी पुढे विचारायचं सोडलं. सतरा घरं, सतरा उंबरठे. प्रत्येकाने पहाटे गुपचूप उठून, आवाज न करता, आपापल्या दारापुढचे चार हात झाडले होते, आणि प्रत्येकाची खात्री होती की बाकीच्या सोळा जणांची घाण मावशींना पुरेल. बारा महिने आम्ही टोप्या घालून झाडायचं नाटक केलं, आणि ज्या एका दिवशी झाडायचं नव्हतं त्या दिवशी अख्ख्या गल्लीने खरंखुरं श्रमदान केलं. कोणी फोटोसुद्धा काढला नाही.

मी रस्त्याच्या मध्यभागी उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. "लाज वाटत नाही का तुम्हाला? एका बाईचे चौदा महिने होते, चौदा महिने! चार हात घाण आठ तास सहन होईना?" खिडक्या उघडत होत्या आणि बंद होत होत्या. सूनबाई वरून म्हणाली, "आई, हळू, लोक ऐकतायत." लोकांनीच ऐकायला हवं होतं.

मावशी तोवर हळूहळू गल्लीतून चालत आल्या. एकेका दारापुढे थांबून त्या खाली जमिनीकडे बघत होत्या. एकोणीस वर्षं झाडू धरलेल्या बाईला जमीन वाचता येते, हे मला तेव्हा कळलं.

"हे डॉक्टरांचं," त्या म्हणाल्या. "पाणी फार ओतलंय, चिखल झालाय कडेला. हे पत्रवाल्या काकांचं, आखून घेतल्यासारखं, पलीकडे एक काडीसुद्धा हलवली नाही. हे घर नंबर बाराचं, उलट्या हाताने झाडलंय, त्यांची मोठी मुलगी डावरी आहे." मग त्या माझ्या दारापाशी आल्या. "आणि हे तुमचं, ताई. तुम्ही भिंतीकडून रस्त्याकडे झाडता. चोथा मात्र हाताने उचललाय, फडक्याने. डाग राहू दिला नाहीत."

होय. पहाटे साडेपाचला. झोप लागली होती, पण जाग आली आणि डोळ्यांपुढे तो चोथा आला. मी आदर्श गल्लीची सेक्रेटरी. निरीक्षक पहिली सही माझी घेणार, माझ्याच दारात उभे राहून घेणार. मी स्वतःला सांगितलं, चहाचा चोथा म्हणजे काही कचरा नव्हे, तो आपला घरगुती पदार्थ. इतरांची घाण भरपूर आहे. मला माझीच लाज वाटली असती तर ती तेव्हा वाटायला हवी होती. ती वाटली सव्वानऊला, मावशींसमोर, आणि तेव्हा तिचा काही उपयोग नव्हता.

निरीक्षक आले ते पायी. बारीक अंगाचे, शांत गृहस्थ, हातात फळी आणि तिला चिमट्याने लावलेला कागद. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, आणि म्हणाले, "इतकी स्वच्छ गल्ली मी या वर्षात पाहिली नाही. तक्रार कशाची होती?"

सगळे आपापल्या दारात उभे होते. दंतवैद्य सवयीने हसले. पत्रमहर्षी आकाशाकडे बघत होते. मला वाटलं कोणीतरी बोलेल. मग लक्षात आलं, सगळे माझ्याकडेच बघतायत.

"साहेब," मी म्हटलं, "ही रोज अशी नसते. म्हणजे असते, पण ती या ठेवतात." आणि मी मावशींकडे बोट दाखवलं.

"आज यांनी झाडलं?"

"नाही, या रजेवर आहेत."

"मग कोणी झाडलं?"

"आम्ही."

त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग पेन थांबवून त्यांनी मावशींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माणूस समजूतदार होता, त्याने सगळं ओळखलं असणार. ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघा बाई, मी जे दिसलं तेच लिहिणार. पण फॉर्ममधला सतराव्या प्रश्नाचा जबाब चुकीचा होता, एवढं एक वाक्य तुम्ही आत्ता इथे लिहून सही केलीत, तर मला हा कागद फाडता येईल. सेक्रेटरीची सही पुरते. कोणालाही विचारावं लागत नाही."

त्यांनी पेन पुढे केलं. मी घेतलंसुद्धा. दंतवैद्य दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी घसा साफ केला, एवढंच. पत्रमहर्षी म्हणाले, "पेपरात येईल हं ते." वरून आमच्या ह्यांनी खिडकी लावून घेतली. एक वाक्य. रोज शंभर पावत्या लिहिलेला माझा हात, त्याला एका वाक्याचं काय? पण खाली माझं नाव येणार होतं, आणि त्याच्या वर 'चुकीचा' हा शब्द.

"मी समितीत विषय मांडते," मी म्हटलं. "सोमवारी कळवते तुम्हाला."

निरीक्षकांनी पेन परत घेतलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. शेरा लिहून, माझी पोच म्हणून सही घेऊन ते गेले, आणि दारं एकेक करून लागली.

मावशी तिथेच होत्या. मला वाटलं, आता त्या बोलतील, आणि मी त्यासाठी मनाची तयारी केली. त्या म्हणाल्या, "ताई, डेपोला कुठली बस जाते?"

मी त्यांना बसचा नंबर सांगितला. ती कुठे बदलायची, दुसरी कुठे मिळते, पहिली किती वाजता सुटते, तेही सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाठ केलं. विसरायला नको, म्हणून मी घरात जाऊन कागद आणला आणि सगळं नीट, सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.